कपारीतली वाम

घरातला जुना रोलचा कॅमेरा निवृत्त प्लंबरकाकांनी जाड पारदर्शक डब्यात बसवला. पाणी शिरू नये म्हणून झाकणाला रबरी रिंग लावली, बटण दाबायला नळाची चावी जोडली.

डायव्हिंग क्लबातली पोरं म्हणाली, "काका, नवा घ्या की! फोटो तिथल्या तिथे दिसतो."

"आमचं हेच बरंय," म्हणत काका समुद्रात उतरले.

आठवड्याने फोटो धुऊन आले. काकू चष्मा लावून बसल्या आणि हसून हसून बेजार झाल्या. "हा मासा आहे का तुमचा अंगठा?"

शेवटच्या फोटोवर मात्र त्या थबकल्या. खडकाच्या कपारीतून सापासारखी लांब एक वाम तोंड बाहेर काढून बघत होती.

"अगं बाई, ही अजून तिथंच आहे!"

कॅमेरा काकूंचाच होता, आणि पूर्वी समुद्रात बुड्या मारायच्या त्याही काकूच. कानाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांचं पाण्यात उतरणं कायमचं बंद केलं, तेव्हा गुडघाभर पाण्यालाही घाबरणारे काका साठाव्या वर्षी पोहायला शिकले होते.

काकूंनी फोटो पदराने हळूच पुसला. "पुढच्या वेळी डावीकडून जा हं. तिकडून गेलं की ती लाजत नाही."