भुरीचा पाय

मरोळच्या गाळ्यात अंड्यांच्या टरफलांची पोती रचून ठेवली होती. त्यांच्यामागे भुरी पडून होती, मागचा पाय पोटाशी घेऊन. श्यामसुंदरने त्या पायाला बोट लावलं मात्र, ती गुरगुरली. आजवर त्याच्यावर कधी गुरगुरली नव्हती.

पाय सुजला होता. जुन्या टाक्यांच्या जागीच.

श्यामसुंदरने बनवलेला कृत्रिम हाडाचा पहिला तुकडा जनावरांच्या डॉक्टरने याच पायात बसवला होता. आमलेटच्या गाड्यांवरची फेकलेली टरफलं धुवायची, भट्टीत भाजायची, आम्लात कालवून पुन्हा भाजायची, की परदेशी मालाच्या तोंडात मारेल असा हाडाचा तुकडा तयार. तोही गरिबाला परवडणारा. टेम्पोखाली सापडलेली ही कुत्री त्या तुकड्यावर धावायला लागली, तेव्हा त्याला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

सकाळी गाळा उघडला तेव्हाच ती लंगडताना दिसली होती. काटाबिटा लागला असेल, असं त्याने स्वतःला पटवलं. फोन हाताशी होता. इस्पितळात एक शब्द कळवला असता तर ऑपरेशन थांबलं असतं. पण इतक्या खटपटींनी जुळून आलेलं, माणसावरचं पहिलं ऑपरेशन एका कुत्रीपायी थांबवायचं? त्याने फोन केला नाही. आता दुपार झाली होती.

अर्ध्या उघड्या शटरखालून वाकून शेवंती आत आली. टरफलं धुण्याचं काम तिचंच. आज ती तडक इस्पितळातून आली होती, नवऱ्याजवळून.

"झालं साहेब! डॉक्टर म्हणाले, ह्यांच्या पायात तुकडा झकास बसलाय."

"छान," म्हणत श्यामसुंदर पोत्यांच्या पुढ्यात सरकून उभा राहिला.

"तयारच होत नव्हते हो. डॉक्टरांवर पण विश्वास नाही. इथे येऊन भुरीला धावताना बघितलं, तेव्हा कुठे हो म्हणाले. आणि शुद्धीवर आल्या आल्या पहिलं काय विचारावं? भुरीक चपाती घातलंस काय!" ती हसली. पिशवीतून तिने चपाती काढली. "कुठाय ती?"

"असेल बाहेर कुठेतरी. तू घरी जा. आज काम नाही."

"जाते ना, तिला घालून जाते. भुरी, ये गो! यू, यू!"

पोत्यांमागे खसफस झाली. आवाज ओळखून भुरी बाहेर आली. तीन पायांवर. चौथा नुसता लोंबत होता. तरी शेपटी हलत होती.

शेवंतीची चपाती हातातच राहिली. खाली बसून तिने तो पाय नीट पाहिला. भुरी तिचं मनगट चाटत होती.

मग तिने मान वर करून श्यामसुंदरकडे पाहिलं.

"कधीपासून, साहेब?"