लाट कशी आहे?

“लाट कशी आहे?” कास्मिदीने मागून, सुकाणूवरून विचारलं. सकाळपासूनची ही नववी खेप.

नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाशी, बसलेल्या सुतिक्नोने दात आवळले. समोर नदीचं मुख होतं, मुखाशी वाळूचा दांडा, दांड्यावर फेसच फेस. शेंबड्या पोरालाही सांगावं लागू नये.

“फुटतेय.”

“फुटतेय ते ऐकू येतंय. कुठल्या बाजूला?”

“उजव्या.”

“आणि डावीकडचं पाणी? नुसतं हिरवं की काळपट हिरवं, जावई?”

काळपट, सुतिक्नो म्हणाला. म्हातारा हुंकारला आणि होडी फिरवून पुन्हा बाहेर थांबला.

सासऱ्याच्या होडीवर सुतिक्नोला सात वर्षं झाली होती. सुरुवातीला कास्मिदी दिवसाला दोन शब्द बोलायचा, आणि तेच बरं होतं. गेल्या दोन वर्षांत मात्र त्याच्या अंगात शाळामास्तर शिरला होता. जाताना प्रश्न, येताना प्रश्न. छत्तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप असलेला सुतिक्नो नाळेवर बसून रोज धडा म्हणायचा आणि धक्क्यावरचे लोक विचारायचे, आज पास की नापास? एकदा त्याने सुकाणू मागून पाहिलं. तू नाळेवरच बरा आहेस, एवढंच उत्तर मिळालं. बायकोकडे, वारसितीकडे, तक्रार केली तर ती म्हणाली, बाबांचा स्वभावच तसा, आणि मान खाली घालून मासे खवलू लागली.

आज पहाटे त्याने मिस्कानला होकार देऊन टाकला होता. मिस्कानच्या नव्या होडीला सुकाणूवर माणूस हवा होता. सोमवारपासून. फक्त सासऱ्याला सांगायचं राहिलं होतं.

दुपारपासून समुद्र चढला होता. पुढच्या दोन होड्या आत गेल्या, तिसरी दांड्यावर उलटली. तिची माणसं पोहून नदीमुखाच्या बांधाच्या दगडांना लागली, पण होडी अजून फेसात पालथी लोळत होती. ओहोटी सुरू झाली की पाणी आणखी उसळणार. आत्ता गेलं नाही, तर रात्र बाहेर काढायची.

“उलटलेली होडी कुठे आहे?” कास्मिदीने विचारलं.

सुतिक्नोच्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं.

“तुमचं तुम्ही बघा, बाबा. मी काही शाळेत बसलेलो नाही.”

तो पाठमोरा झाला आणि गप्प बसला. विचार म्हणावं आता वाऱ्याला.

इंजिनाचा आवाज मंदावला. होडी हळूहळू वळत वळत समुद्राला आडवी झाली. सुतिक्नोने वळून पाहिलं. म्हातारा ताठ बसला होता, तोंडावर रेषाही हलत नव्हती. मला घाबरवतोय, सुतिक्नोला वाटलं. बुडू, पण तुझ्याकडून बोलवून घेईन, असला हट्ट.

डावीकडे, खुल्या समुद्रात, पाण्याची भिंत उभी राहत होती. म्हाताऱ्याने तिकडे मानही वळवली नाही. होडीच्या डाव्या अंगाला तोलासाठी बांधलेला बांबू पाण्यातून उचलला गेला.

“उजवीकडे घ्या,” सुतिक्नो ओरडला. “अजून. अजून. बस.”

होडी तत्काळ फिरली. लाट मागून आली, होडीखालून सरकली आणि पुढे जाऊन फुटली.

“तीन मोठ्या आहेत,” सुतिक्नो म्हणाला. आता प्रश्नाची वाट बघायला वेळ नव्हता. “दुसरी जाऊ द्या. ही तिसरी. हिच्या पाठीवर. चला.”

इंजिन गरजलं. “दमानं, लाटेच्या पुढे जातोय. पालथी होडी उजवीकडे आहे, डावीकडून काढा. जरा आणखी. आता सरळ.” दोन्ही बाजूंना फेस उकळत होता. तळाला वाळू घासल्यासारखी वाटली, आणि मग एकाएकी सगळं शांत झालं. ते नदीत होते.

सुतिक्नोने धक्क्याला दोर बांधला. कुपा माशांच्या टोपल्या तशाच ठेवून त्याने सगळं सांगून टाकलं. सोमवारपासून मिस्कानकडे. सात वर्षांत एकदाही सुकाणू दिलं नाहीत. दांडा तुम्ही एकट्याने ओलांडायचा, मी नाळेवरचा पोपट.

कास्मिदीने वल्ही चाचपून आडवी ठेवली.

“मिस्कानची होडी चांगली आहे,” तो म्हणाला. “जा. ही आपण विकून टाकू.”

“विकता कशाला? तुम्ही आहात की.”

“दोन वर्षं दांडा तूच ओलांडतोयस, सुतिक्नो,” म्हातारा म्हणाला. “मला तर तू आत्ता कुठे उभा आहेस, तेही दिसत नाही.”