आमच्यावरच गेलाय

"टाकीचं पाणी सगळेच प्यायलो, जुलाबही सगळ्यांना झाले. मग पाय एकट्या निहारचेच कसे गेले?" हेमांगीनं विचारलं.

"जंतूंशी लढता लढता त्याच्या शरीरानं स्वतःच्याच नसांवर हल्ला केला," डॉक्टर म्हणाल्या. "कदाचित काही आनुवंशिकही असेल. संशोधनासाठी आईवडिलांचं रक्त हवंय."

हेमांगीनं धास्तावून सासूबाईंकडे पाहिलं. नाक, चाल, हट्ट, सगळं निहारनं आमचंच घेतलंय, असं त्या बारशापासून सांगत आलेल्या. सुनेच्या माहेरून आली ती फक्त सर्दी! आता हे दुखणंही तिकडचंच ठरणार.

सासूबाईंनी नातवाच्या लुळ्या पावलांवर चादर ओढली आणि स्वतःची बाही वर सारली.

"माझंही घ्या. हगवणीनंतर माझ्या धाकट्या भावाचे पाय असेच गेले होते." मग त्या हेमांगीकडे वळल्या. "सोयरीक जुळवताना तुमच्यापासून लपवलं आम्ही. आमच्यावरच गेलाय गं तो."