बिनआवाजाचा पॅड

ऑर्केस्ट्रातली जागा ड्रमवाल्यालाच मिळाली. पण ते सोडा. असं काही झालेलंच नाही, असं धरून चालू.

तर सोमवारी या ड्रमवाल्याच्या घरी नवा इलेक्ट्रॉनिक पॅड आला. नऊ रबरी चौकोन, पायाशी पेडल, कानाला हेडफोन. ऑर्केस्ट्राच्या मास्तरांना गुरुवारपर्यंत रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. नाही जमलं तर दाजींच्या फ्रिजच्या दुकानात उभं राहायचं. दाजींनी टायसुद्धा आणून ठेवला होता.

त्याने काठी हाणली, पेडल दाबलं. कानात डोंगर कोसळला.

"कसं वाटलं, ताई?"

"काय कसं वाटलं? नुसती टकटक."

"तेच तर वैशिष्ट्य आहे!"

तेवढ्यात खालून आलं, धप्प!

खालचे काका. दोन वर्षं ते त्याच्या जुन्या ड्रमविरुद्ध झाडूचा दांडा छताला ठोकत होते. तो तडक खाली गेला.

"काका, आता तर आवाजच नाही!"

"आवाज नाही, पण तुझ्या पायाने माझा पंखा नाचतो. तू पाय आपट, मी दांडा आपटतो. बघू कोण आधी थकतं."

त्यानेही हट्टाला पेटून रोज संध्याकाळी दोन तास वाजवलं. पेडल पडलं की खालून धप्प. हेडफोनमुळे ऐकू येत नसे, तळपायांना कळे. बुधवारी बोटांना फोड आले. चिकटपट्ट्या लावून पुन्हा बसला.

गुरुवारी मोबाइल नीट जमिनीवर ठेवला, हेडफोन चढवले आणि सहा मिनिटं जीव तोडून वाजवलं. ऐकून बघितलं तर हिंमत जाईल, म्हणून तसंच पाठवून दिलं. मग त्याच झपाट्यात सोसायटीच्या चिटणीसांकडे काकांविरुद्ध अर्ज ठोकला. दोन वर्षांत लिफ्ट दुरुस्त न केलेल्या चिटणीसांनी तासाभरात झाडू जप्त केला.

शुक्रवारी सकाळी मास्तरांचा फोन आला.

"अरे, ती टकटक कसली? शेजारी कुणी टायपिंग करतंय का?"

त्याने हेडफोनच्या वायरीकडे पाहिलं. मग मोबाइलकडे. मग दाराला लटकलेल्या टायकडे.

"ते जाऊ दे," मास्तर म्हणाले. "पण तो ठोका! किंचित उशिरा, रागावल्यासारखा. तीस वर्षांत असा ठोका ऐकला नाही. जागा तुझी. उद्याच्या कार्यक्रमात अगदी तस्साच हवा. नाहीतर येऊच नकोस."

त्याने फोन ठेवला आणि कागद ओढला.

"मा. चिटणीस यांस, माझा कालचा अर्ज रद्द समजावा. काकांचा झाडू त्यांना सन्मानपूर्वक परत करावा आणि उद्या सायंकाळी मंचाखाली उभे राहून माझ्याविरुद्ध सलग तीन तास ठोकत राहण्याचा त्यांना लेखी आदेश द्यावा, ही नम्र विनंती."