शंभरीचा दगड

उत्तर आफ्रिकेत, रोमच्या अमलाखालच्या नुमिडियाच्या डोंगरातल्या मसगाबाला मेल्यावर तरी रोमन दिसायचं होतं. म्हणून त्यानं जिवंतपणीच आपल्या थडग्याचा दगड लॅटिनमध्ये करायला टाकला.

"वय किती घालू?" पाथरवटानं विचारलं. "रोमन दगडाला वय लागतं."

म्हातारा गोंधळला. त्याच्या लोकांत वर्षं कोण मोजतं? "टोळधाड आली त्या साली जन्मलो. मी आणि ही, दोघंही."

"आजवर दहा टोळधाडी आल्यात, आजोबा."

"मग शंभर घाल."

"शंभर?" बायको नामगिद्दे खुदकन हसली. "गुडघे तर आत्ताच कुरकुरतात याचे."

"दगडावर कोरल्यावर जगावंच लागेल ना."

नामगिद्देनं थोडा विचार केला. मग पाथरवटाला म्हणाली, "माझाही दगड कर बाबा. त्यावर एकशे एक घाल. शेवटचं एक वर्ष तरी मला ऐसपैस झोपू दे."