स्वच्छ मातीचा नमुना

थर्मामीटरच्या बंद पडलेल्या कारखान्यातल्या मातीतून पारा कुठवर झिरपेल, हे सांगणारं तिचं मॉडेल काही केल्या जुळेना. अहवाल आजच द्यायचा होता आणि ती अगदी रडकुंडीला आली होती.

"अगं, मॉडेल बरोबर आहे, घोळ तुलनेच्या मातीत आहे," सर वैतागून म्हणाले. "तू स्वच्छ म्हणून आणलेल्या नमुन्यातच कारखान्याइतका पारा निघालाय. कुठल्या उकिरड्यावरून उचललास?"

तिने तडक घरी फोन लावला. "आई, छकुली कुठंय?"



"मागच्या अंगणात. तू माती उकरून नेलीस ना, त्याच खड्ड्यात बसलीय. कितीही दटावलं तरी कार्टी माती खायची काही सोडत नाही बघ!"