लोडचा फॉर्म

"नाव?" दिव्यानीने मान वर न करता विचारलं.

"श्रीहरी मोहुर्ले."

"गाव?"

"चिचटोली. मूल शहराच्या पल्याड."

पेन फॉर्मवर जागच्या जागी थांबलं. परवाच तिच्या वडिलांनी हेच नाव आणि हेच गाव जेवता जेवता दोनदा उच्चारलं होतं. रविवारी तिला पाहायला येणारा मुलगा आज शुक्रवारीच तिच्या मामाच्या बॅटरीच्या दुकानात, तिच्यासमोर स्टुलावर बसला होता!

उन्हासाठी बांधलेला स्कार्फ तिने नाकावर ओढून घेतला. तशी ओळखू येण्याची भीती नव्हती. बायोडाटावरचा फोटो मावसबहिणीच्या लग्नातला, पार्लरमधून थेट उठून काढलेला. त्यात ती तिच्या आईलाही ओळखू आली नव्हती. नोकरीपुढे नुसतं 'खाजगी' लिहिलं होतं. या बिचाऱ्याला काय कळणार, काउंटरपलीकडे कोण बसलंय ते?

आणि मग तिला आनंदाच्या उकळ्याच फुटायला लागल्या. रविवारी पोहे द्यायचे, मान खाली घालायची आणि विचारलं तेवढंच सांगायचं, असं आईने बजावून ठेवलं होतं. इथे मात्र विचारणारी ती होती. फॉर्मच तसा होता.

वडशाच्या बाजारातल्या या दुकानात दोन वर्षं गिऱ्हाइकांच्या घरातल्या विजेच्या लोडचे फॉर्म भरून तिला एक गोष्ट पक्की कळली होती. लाइट गेल्यावर बॅटरी कुठल्या खोलीला पुरवायची हे माणूस सांगतो, तेव्हा तो अख्खं घर सांगून मोकळा होतो. तिच्या थोरल्या बहिणीच्या, पुनमच्या सासरी बॅटरी चांगली दांडगी होती. लाइट गेली की समोरच्या खोलीत टीव्ही चालायचा, पंखा गरगरायचा, आणि पुनम डब्याला मोबाइल टेकवून त्याच्या उजेडात घामाघूम होत पोळ्या लाटायची. असल्या घरात मी जाणार नाही, हे दिव्यानीने कधीच ठरवलं होतं. पण पोह्यांच्या बशीआडून हे विचारायचं कसं?

"मूलले नाई भेटत का बॅटरी?" तिने सुरुवात केली.

"भेटते न. पण इथी समजावून सांगते म्हणे चांगलं."

मामाच्या वतीने ती खूश झाली.

"बरं, भा..." गिऱ्हाइकाला भाऊ म्हणायची सवय तिने ऐन वेळी दाताखाली दाबली. "तुमच्या घरी किती जण?"

"आई, बाबा अन् मी. सध्या तीन."

'सध्या' ऐकून ती फॉर्मात आणखी खाली वाकली.

"लाइट किती वेळ जाते?"

"लाइन जंगलातून येते, मॅडम. फांदी पडली का दोन-दोन दिवस पत्ता नाई. छतावर सोलरच्या तीन पाट्या हायेत म्हणून बरं. पण चांगली बॅटरी कोन्ती, हे सांगा."

दिवसभरात दहा जण ताई म्हणायचे. हा मॅडम म्हणत होता. तिला तेही आवडलं.

मग ती जी सुटली ती सुटलीच. ट्यूब्युलर स्वस्त, पण जड, आणि मधूनमधून पाणी पाहावं लागतं. लिथियम महाग, पण टिकाऊ, वजनाला हलकी, आणि उन्हात भरभर भरते. श्रीहरी हनुवटीला हात लावून ऐकत होता. त्याची नजर बॅटऱ्यांकडे फारशी जात नव्हती.

"पान्याचं काई नाई," तो म्हणाला. "डिस्टिल वॉटरचा डबा आनून ठेवला का झालं."

अभ्यास करून आलेला दिसतोय, तिने मनात एक मार्क वाढवला.

"तुमच्या घरी लावाची असती, त तुमी कोन्ती लावली असती?"

"मी? लिथियम. झाडतानी एकटीनं सरकवता येते."

"हो का?" तो म्हणाला. "हे नव्हतं मले सुचलं."

आता मुद्द्याचा प्रश्न. हा 'टीव्ही' म्हणाला की संपलं सगळं, मग रविवारच्या पोह्यांत मीठसुद्धा पडणार नव्हतं.

"बॅटरीवर सगळे पॉइंट नाई बसत," ती म्हणाली. "पहिले कोन्ते घ्याचे?"

"सैपाकघर," तो क्षणाचाही विचार न करता म्हणाला. "तिथला लाइट अन् तिथला पंखा. मंग बाकीचं."

"अन् टीव्ही?"

"लाइट गेल्यावर टीव्ही काऊन पायजे? आंगनात बसून गोष्टी करता येते न."

दिव्यानीने 'स्वयंपाकघर' इतक्या मोठ्या अक्षरात लिहिलं की ते दोन रकान्यांत पसरलं. लोडची बेरीज तर तीनदा चुकली. दुकानाचा नियम होता, आधी मेकॅनिक घरी जाऊन जागा पाहणार आणि मगच बॅटरी निघणार. तिने तो सांगितला.

"पाठवा न," श्रीहरी उठत म्हणाला. "उद्याच पाठवा. चहा पिऊन जातीन."

घरी पोचताच तिने आईच्या गळ्यात हात टाकले. "रविवारी माझा होकार आहे, आत्ताच सांगते," ती म्हणाली. पाहिल्याशिवाय पोरगी होकार देते म्हणून आई चाटच पडली. दिव्यानीला मात्र हसू आवरत नव्हतं. बिचारा श्रीहरी! परीक्षा दिली, पास झाला, आणि त्याला त्याचा पत्तासुद्धा नाही.

शनिवारी दुपारी चिचटोलीहून मेकॅनिक मुखरूभाऊंचा फोन आला.

"काऊन पाठवलं वो पोरी, मले इतल्या उनात? इथी त बॅटरी तीन सालापासून लागून हाय! पोराले इचारलं त नुसता हासून राह्यला. म्हणते, मॅडमले सांगा, आमचं पाहून झालं. त्यांची हो असन, त उद्या तारीखच काढू."